लवकर म्हणजे कधी

१४ जानेवारी

बारक्या,

नमस्कार वगैरे लिहिलं आहे असं समज. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. कागद तरी उघडशील. आईनं तेवढं वळण लावलं आहे.

आईनं ऑपरेशन रद्द केलं. मी नाही, डॉक्टरांनी नाही, तिनं. तारीख ठरली होती, खाट मिळाली होती, मी लॅबमधून रजा काढली होती. मालक म्हणाला, माणसं कवळीशिवाय खोळंबतील त्याचं काय. मी म्हटलं खोळंबू देत, तेवढीच कमी बोलतील. सगळं जमवून आम्ही सर्जनसमोर बसलो. त्यानं कागदावर चित्र काढून समजावलं की हृदयातली एक झडप आवळत चालली आहे, दाराची फट उरली आहे, उन्हाळ्याच्या आत बदलायला हवी. आईनं शांतपणे ऐकलं. त्याच्या संमतीपत्रातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दाखवल्या. मग म्हणाली, "आधी तारा, मग तुम्ही."

सर्जननं तिला आज वार कोणता ते विचारलं. तिनं वार सांगितला आणि त्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्याच महिन्यावर अडकलं आहे हेही सांगितलं. डोकं ठिकाणावर आहे, म्हातारी हट्टी आहे, असा त्याचा समज झाला. माझाही.

घरी येऊन छडा लावला. दर वर्षी तू तारांगणातल्या कार्यक्रमाची संहिता आईकडे तपासायला पाठवतोस. छापखाना सुटला तरी तुझी प्रूफं ती सोडत नाही. ती टेबलावर असतात तोवर घरात कोणी भांडंसुद्धा आपटायचं नाही. यंदा त्यात एक वाक्य होतं: 'मृगातला काक्षी हा तारा लवकरच फुटणार आहे.' तिनं समासात विचारलं, लवकर म्हणजे कधी? तू त्याखाली लिहून परत पाठवलंस: 'तू बघशीलच. त्या दिवशी मी घरी असेन.'

आता ती रोज संध्याकाळी जिने चढून गच्चीवर जाते. त्या हृदयानं. प्रत्येक वळणावर कठडा धरून थांबते, आणि मी हात पुढे केला की म्हणते, मी काय पार्सल आहे? वर खुर्ची मांडते, बाबांचा जुना कोट अंगावर घेते, तो तांबडा तारा शोधते, अजून फुटलेला नाही अशी खात्री करते आणि खाली येते. मग तासभर तिला श्वास पुरत नाही.

मला एकच सांग. कधी फुटतो तो? तारीख दे. देता येत नसेल तर तसं तिला लिही. माझ्यावर ढकलू नकोस.

ताई


२९ जानेवारी

ताई,

तारीख देतो. आजपासून लाखभर वर्षांच्या आत, कधीही. उद्यासुद्धा, पण उद्यावर पैज लावू नकोस. कदाचित फुटलाही असेल आणि त्याचा उजेड अजून वाटेत असेल. आमच्याकडे याला लवकर म्हणतात.

तारा जितका मोठा तितका उधळ्या. काक्षी सूर्याच्या पंधरावीस पट जड आहे, म्हणून त्याचं आयुष्य जेमतेम एक कोटी वर्षांचं. त्यातलं जवळजवळ सगळं संपलं आहे. सूर्य मध्यम. त्याला हजार कोटी वर्षं मिळाली आहेत, अर्धी गेली. सगळ्यांत चिवट ते लहान, लालसर, मिणमिणते. ते लाखो कोटी वर्षं जळत राहतात. त्यांच्यातला एकही अजून म्हातारपणानं मेलेला नाही, कारण विश्वाचंच वय तेवढं झालेलं नाही.

हे शाळेच्या पुस्तकात आहे. आईला माहीत नाही असं मला सांगू नकोस. माझ्या संहिता तिनं वाचल्या आहेत.

ती घाबरली आहे. छाती उघडणार म्हटल्यावर कोणीही घाबरेल. तारा हे निमित्त. आणि तुला मी तिथे हवा आहे, सह्या करायला, बाहेर बाकावर बसायला, म्हणून तू त्या निमित्ताचं पत्र केलंस. सरळ 'ये' लिहिलं असतंस तर निदान शाई वाचली असती.

तरी आलो नसतो. बाबा गेले तेव्हा आत्या, काका, सगळे बसलेले असताना तू म्हणालीस की पाहुण्यांनी घरच्या गोष्टींत पडू नये. मी फक्त एवढं म्हटलं होतं की आईनं आता माझ्याकडे राहावं. तेव्हापासून मी पाहुण्यासारखाच वागतो. कोणाच्या जेवणात नाही, कोणाच्या भांडणात नाही.

तारा फुटत नाही हे तूच सांग तिला. त्या घरात तुझाच शब्द चालतो.

बारक्या


११ फेब्रुवारी

बारक्या,

सांगितलं. माझ्या सांगण्यात काही राहू नये म्हणून तुझं पत्रच वाचून दाखवलं. पाहुण्याचा भाग गाळला, भीतीचाही गाळला. तारे सगळे वाचले.

आईनं चष्मा लावून ऐकलं. ऐकायलाही तिला चष्मा लागतो. मग म्हणाली की हे पत्र तुला आलेलं आहे, मला नाही. प्रुफावर अजून 'लवकरच' आहे. आपण शंका काढायची, लेखकानं उत्तर द्यायचं, आणि आलेलं उत्तर धरून चालायचं. छापखान्यात तिनं जन्मभर हेच केलं. उघड चूक दिसली तरी लेखकाचा शब्द तिनं स्वतः बदलला नाही आणि दुसऱ्या कोणाला बदलू दिला नाही. संपादकालासुद्धा नाही; त्यावरून तिची एकदा नोकरी जायची वेळ आली होती, ती गोष्ट तुला पाठ आहे. "त्याला खोडायचं असेल तर त्यानं खोडावं," म्हणाली. "त्याच्या अक्षरात."

मी म्हटलं, तोवर तुझा जीव जाईल. ती म्हणाली, जाईल तेव्हा जाईल, आधी वाक्य बरोबर होऊ दे.

आता पाहुण्याचं. म्हणाले मी. म्हणाले तर म्हणाले. बाबा गेल्यावर तू आलास आणि होतास तितके दिवस तुझी बॅग दाराशी होती. त्यातून सदरा काढायचास आणि पुन्हा चेन लावायचास. कपाटाचा एक खण मी रिकामा करून ठेवला होता, तो तू उघडूनही पाहिला नाहीस. आणि त्या बॅगेशेजारी उभा राहून म्हणालास की आईला घेऊन जातो. जशी काय ती इथे विसरलेली तुझी छत्री. तिला विचारलंस? मला विचारलंस? सगळ्यांसमोर तू बोललास, म्हणून सगळ्यांसमोर मी बोलले.

आणि एक कोटी वर्षं जगणाऱ्याला तू 'जेमतेम' म्हणतोस. तुझं पत्र मी लॅबमध्ये वाचत होते, हातात मेणाचा दात होता, तो मोडला. इथे सर्जन महिन्यांत बोलतो. फुटलाही असेल आणि उजेड वाटेत असेल, म्हणे. तुझ्याकडून यायच्या सगळ्याच गोष्टी अशा वाटेत असतात.

एक शब्द खोडायचा आहे. पेन घे आणि खोड.

ताई


२२ फेब्रुवारी

आई,

आधी बस, मग वाच.

ताई म्हणते तुला दुरुस्ती माझ्या अक्षरात हवी आहे. पाठवतो. काक्षीच्या वाक्यात 'लवकरच' या शब्दाच्या जागी 'खगोलशास्त्रीय अर्थाने लवकरच' असे वाचावे.

संहितेच्या शेवटच्या पानावर तू 'मग?' असं विचारलं आहेस. मागच्या वेळी उत्तर द्यायचं राहिलं. मग असं, की मोठे तारे आधी संपतील. त्यांच्यामागून सूर्यासारखे. मग ते लहान चिवट. नवे तारे व्हायला लागणारा वायू तोवर संपलेला असेल. आणि हे चालू असताना सगळं एकमेकांपासून लांब जात राहील, इतकं की एका दीर्घिकेतून दुसरी दिसणार नाही. फार पुढे कृष्णविवरंसुद्धा विरून जातील. उरेल ती थंडी आणि अंधार, आणि घडण्यासारखं काही राहणार नाही. आत्ताच्या हिशेबानं तरी असंच दिसतं. हिशेब बदलूही शकतो. म्हणून कार्यक्रमाचा शेवटचा शब्द 'शांतता' ठेवला आहे. तो शब्द आला की घुमटाखाली एक खुर्ची करकरत नाही. शाळेची मुलंसुद्धा दिवे लागेपर्यंत हलत नाहीत.

ऑपरेशन करून घे. सर्जन सांगतो ते ऐक. इथे नवा प्रक्षेपक बसवायचं काम निघालं आहे. जुना काढला की नवा लागेपर्यंत प्रयोग बंद, आणि सगळं माझ्यावर आहे. निघणं कठीण दिसतं.

बारक्या


६ मार्च

बारक्या,

'खगोलशास्त्रीय अर्थाने.' हे शब्द शोधायला तुला किती वेळ लागला?

आईनं ते वाचले आणि तिचा चेहरा उजळला. म्हणाली, बघ, शास्त्रसुद्धा लवकरच म्हणतं. तुझ्या दुरुस्तीनं तारा लांब गेला नाही, जवळ आला. पूर्वी शंका होती, आता शिक्का बसला. दुसऱ्या दिवशी ती ऊन उतरायच्या आधीच वर निघाली.

मी कामावर होते. मधल्या मजल्यावरच्या घड्याळजीच्या बायकोनं फोन केला. आई जिन्याच्या वळणावर बसलेली होती. ओठ निळे, घडीची खुर्ची मांडीवर, आणि ती खुर्ची काही केल्या सोडेना. दोघातिघांनी उचलून खाली आणलं. पार्सलसारखं. तेव्हा मात्र काही म्हणाली नाही.

आता इस्पितळात आहे. फुप्फुसात पाणी झालं होतं, ते उतरतं आहे. सर्जन म्हणतो की ऑपरेशन या महिन्यात झालं तर झालं. हृदय आणखी थकलं तर तो हात लावणार नाही. आईनं त्याला खिडकी कोणत्या दिशेला आहे ते विचारलं. मग नर्सकडे पश्चिमेची खाट मागितली, कारण मृग आता तिकडे कलला आहे आणि उन्हाळा लागला की दिसेनासा होईल. नर्सनं मला बाहेर बोलावून विचारलं की आजी काही जप वगैरे करतात का.

मला तू लाख वर्षं एका ओळीत लिहिलीस. ढळढळीत. तिला लिहिताना काय झालं? तुला माहीत होतं तुझे ते दोन शब्द कसे वाचले जातील. तू शब्दांवरच पोट भरतोस. मी दात घासून माणसाच्या जबड्यात बसवते. केसाएवढा चुकला तर माणूस कळवळतो आणि दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. तुझा माल चुकला तर कोणाला कळत नाही, म्हणून तू असा सैल लिहितोस.

लगेच उत्तर दे. तिला, मला नाही.

ताई


२१ मार्च

बारक्या,

उत्तर नाही.

आई घरी आली आहे. गच्चीच्या दाराला मी कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये असते. ती माझ्याशी बोलत नाही, चिठ्ठ्या लिहिते. आजच्या चिठ्ठीत एकच शब्द होता: 'किल्ली'. मी त्याखाली 'नाही' लिहिलं. तिनं त्यातला 'ही' दीर्घ आहे ना ते पाहिलं आणि चिठ्ठी परत दिली.

सर्जन महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला.

ताई


२६ मार्च

ताई,

काय झालं विचारतेस. ऐक.

वाक्यं दोन आहेत. पहिलं ताऱ्याचं. ते खोडून 'लाखभर वर्षांत' असं लिहिलं की खालचं दुसरं वाच: 'त्या दिवशी मी घरी असेन.' म्हणजे मी माझ्या अक्षरात आईला कळवतो की मी कधीही घरी येणार नाही. ते मी लिहून पाहिलं. फाडलं. मग ते दोन शब्द घातले. कसे वाचले जातील याचा विचार केला नाही असं म्हणत नाही.

मुळात ते वाक्य का लिहिलं? प्रयोगाला पाच मिनिटं होती, मुलं रांगेत ओरडत होती, पाकीट टपालात टाकायचं होतं. तिनं कधी म्हणून विचारलं होतं, आणि तिच्या 'कधी'त ताऱ्याशिवाय आणखीही काही असतं हे मला ठाऊक आहे. चेष्टा करून सुटलो. बाकी घरोघरची मुलं 'सुट्टी मिळाली की येतो' म्हणतात. मी तारा म्हणालो.

पण आता मला संताप आला आहे, आणि या वेळी तुझा नाही. तिचा. स्वतःचं काळीज टेबलावर ठेवून ती सौदा करते आहे. मला तारा दाखव, नाही तर हे घे. कोणती आई असं करते? 'घरी ये' एवढं लिहायला तिला काय झालं? त्यात एक जोडाक्षरसुद्धा नाही. घरात तीन माणसं उरली, आणि तिघांनाही सरळ बोलायचं म्हटलं की घशात काटा अडकतो.

सोबत तिच्यासाठी वेगळा कागद आहे. 'लवकरच' खोडलं. त्या जागी लिहिलं: 'आपल्यापैकी कोणाच्याही हयातीत, बहुधा, नाही.' दुसरं वाक्यही खोडलं. तिथे काही लिहिलं नाही. काय लिहावं कळलं नाही. तिला त्यातून काय समजायचं ते समजू दे.

तो कागद दे आणि तिला घेऊन जा. आणि ते कुलूप काढ. ती तुझी कैदी नाही.

बारक्या


३ एप्रिल

बारक्या,

तुझा कागद महिन्याच्या शेवटच्या दिवशी मिळाला. आईनं वाचला, घडी घातली, म्हणाली गाडी बोलाव. अंगावरच्या साडीनिशी निघालो.

सर्जननं तपासलं. पायाची सूज बोटानं दाबून पाहिली, हृदयाची चित्रं पुन्हा काढली, एका ज्येष्ठ डॉक्टरला बोलावून दाखवली. मग मला एकटीला आत घेतलं. आता नाही, म्हणाला. भूल दिली तर हे हृदय त्यातून बाहेर येणार नाही. औषधं वाढवली आहेत, सुधारणा दिसली तर पुढे पाहू. पुढे म्हणजे काय ते मी विचारलं. तो चांगला माणूस आहे, त्यानं शब्द शोधले नाहीत. चित्र उलटं करून ठेवलं आणि म्हणाला, घरी कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा.

मी आवारात गाड्यांच्या मधे उभी राहिले आणि तुला शिव्या दिल्या. मोठ्यानं. रखवालदार धावत आला, त्याला वाटलं माझी पर्स गेली. त्याला काय सांगणार, महिना गेला म्हणून. फेब्रुवारीत तो एक शब्द खोडला असतास तर ती तेव्हाच निघाली असती, जशी आता निघाली. तू म्हणशील, मी कुलूप लावलं, तिनं हट्ट केला, सगळ्यांचा वाटा आहे. असेल. पण हे मी तुला विसरू देणार नाही.

घरी आल्यावर मी कुलूप काढलं. आईनं दाराकडे पाहिलंही नाही. कागद मागितला. ती तुला स्वतः लिहिते आहे. मी वाचलेलं नाही.

ताई


४ एप्रिल

बारक्या,

दुरुस्ती मिळाली. उशिरा मिळाली. अक्षर मात्र चांगलं आहे.

ताई म्हणते तू महिना घालवलास. तू म्हणतोस मी सौदा केला. तुझं ते पत्र ताईनं टेबलावर उघडं ठेवलं होतं. माझ्या घरात छापलेला किंवा लिहिलेला कागद उघडा असेल तर मी वाचणारच. तुम्हा दोघांचंही थोडं थोडं खरं आहे आणि मला तुम्हा दोघांचाही राग आला आहे.

लाख वर्षं म्हणजे काय ते मला कळतं. माझी चूक दुसरीकडे झाली. ताऱ्याच्या वाक्यावर मी शंका काढली. तुझं उत्तर आलं, त्यात एक नवं वाक्य होतं. शंका त्याच्यावर काढायला हवी होती. घरी म्हणजे कोणत्या घरी? असेन म्हणजे किती दिवस? मी काढली नाही. वाचून बरं वाटलं आणि पेन्सिल खाली ठेवली. बरं वाटत असताना प्रूफ वाचू नये हे मी नव्या माणसांना शिकवत असे.

'घरी ये' लिहायला काय झालं, असं तू विचारलंस. बोलावून आलेला मला नको होतास. बोलावलं की दूरचे नातेवाईकही येतात, आणि परतीची वेळ विचारून येतात. मला वाटलं, स्वतः लिहिलं आहे ना, मग स्वतःच पुरं करील. म्हणून वर जाऊन बसत होते. ऑपरेशनची भीतीही होती. ती ताईला सांगितली असती तर तिनं समजूत घातली असती. मला समजूत सोसत नाही.

आता शेवटचं पान. 'शांतता' हा शब्द मी खोडला आहे. लेखकाचा शब्द मी आजवर खोडला नव्हता, हा पहिला. सगळे एकमेकांपासून लांब जातात, एकाचा उजेड दुसऱ्यापर्यंत पोचत नाही, याला शांतता म्हणत नाहीत. मुलं गप्प बसतात म्हणून शब्द बरोबर ठरत नाही, मुलं भ्यायली तरी गप्प बसतात. दुसरा शब्द शोध. सापडला नाही तर तसं लिही.

सर्जननं मला काही सांगितलं नाही. ताईही सांगत नाही. ती काल स्वयंपाकघरात पाण्याचा नळ मोठा सोडून उभी होती, त्यावरून कळलं.

तेव्हा मी आता उघड लिहिते. ये. तारे, प्रक्षेपक, प्रयोग, काय असेल ते तसंच टाकून ये. मी तुझ्यावर फार रागावले आहे आणि एवढा राग पत्रातून जात नाही, वाटेत निवतो. भांडायला ये. ताईनंही बरंच साठवून ठेवलं आहे. आधी तिचं ऐक, तिचं मोठं आहे आणि तिला सकाळी कामावर जायचं असतं. मग माझ्याकडे ये.

मला आता एका दमात बोलता येत नाही, वाक्याच्या मधेच थांबावं लागतं. मी थांबले म्हणजे माझं संपलं असं समजू नकोस. मधे बोलू नकोस.

आई